पामचा कोंब दर हिवाळ्यात कुजतोय? आधी पागोळी कुठे पडते ते बघा

तक्रार साधारण अशी असते. बागेतला पाम हिवाळाभर दिसायला ठणठणीत, बाहेरची पानं हिरवीगार. फेब्रुवारी-मार्चमध्ये कधीतरी सहज म्हणून मधल्या मिटलेल्या पानाला हात लावावा, तर केळ्यात खोचलेली उदबत्ती निघावी तसं ते अलगद वर येतं. खालचं टोक तपकिरी, बुळबुळीत. वास आंबलेल्या तांदळाच्या धुवणाचा. मग आपण ठरवून टाकतो की यंदाची थंडी बाधली, आणि पुढच्या वर्षी झाडाला आणखी जाड गुंडाळतो. पुढच्या मार्चमध्ये पुन्हा तेच.

माझ्याकडे हे लागोपाठ तीन हिवाळे झालं. मी इंग्लंडच्या मिडलँड्स भागात राहतो. माती चिकण, पाऊस बारा महिने थोडा थोडा, आणि बर्फ कमी पण चिखल भरपूर. युरोपात राहणाऱ्या बऱ्याच मराठी घरांत हा पाम असतो, कारण लांबून बघितलं तर कोकणाची आठवण येते. जवळून बघितलं तर तो माडाचा फारसा कोणी लागत नाही, आणि माझी सगळी गफलत तिथेच झाली.

झाडाची ओळख आधी करून देतो, कारण दुरुस्ती त्यावरच अवलंबून आहे. हा ट्रॅकीकार्पस फॉर्च्युनाय. रोपवाटिकेत चुसान पाम किंवा विंडमिल पाम म्हणून मिळतो. मूळ चीनमधला. रॉबर्ट फॉर्च्युन या स्कॉटिश वनस्पती-संग्राहकानं तो चुसान बेटावर पाहिला आणि १८४९ मध्ये ब्रिटनला रोपं पाठवली, म्हणून ‘फॉर्च्युनाय’ आणि ‘चुसान’ ही दोन्ही नावं. खोड एकच, सरळ, फांदी नाही, बुडाशी फुटवेही नाहीत. त्यावर काळपट तपकिरी केसाळ जाळी, माडाच्या झापाच्या बुडाशी गोणपाटासारखी असते तशी, पण कितीतरी दाट. चीन-जपानमध्ये या धाग्याचे दोर आणि झाडू करतात, पूर्वी पावसात पांघरायची इरलीही व्हायची. पान पंख्यासारखं, आपल्या ताडाच्या कुळातलं वाटावं असं, देठाच्या दोन्ही कडांना बारीक दातेरी काटे. मुरलेलं झाड उणे १५ अंशांपर्यंतची थंडी काढतं. कोवळं रोप मात्र त्याच्या निम्म्यावरच कुरकुरायला लागतं.

उंचीबद्दल दुकानातल्या चिठ्ठीवर ‘सावकाश वाढणारा’ एवढंच लिहिलेलं असतं. ते खोटं नाही, पण अपुरं आहे. हा पाम पहिली काही वर्षं उंचीच धरत नाही. आधी बुडाचा घेर भरतो, पानं दरवर्षी मोठी करतो, आणि मग एकदा खोड वर काढायला लागला की जागा मानवली तर वर्षाला वीतभर, कधी फूटभरही चढतो. पूर्ण वाढ १२ मीटर, मूळच्या प्रदेशात २० पर्यंत. खोड मात्र केसाळ जाळीसकट २०-२५ सेंटिमीटरचंच. मला त्या उंचीची भीती होती. प्रत्यक्षात दगा दिला तो पानांच्या लांबीनं. मोठ्या झाडाचं एक पान देठासकट १४० ते १९० सेंटिमीटर भरतं, त्यात नुसता देठ ६० ते १००. म्हणजे खोड जिथे आहे तिथून चारी बाजूंना दीड मीटर जागा त्याची. आमच्या भिंतीपासून माझा पाम होता ७० सेंटिमीटरवर.

आता तीन हिवाळे.

पहिला प्रकार २०२१ चा. त्या फेब्रुवारीत कडक थंडीची एक लाट आली होती, जमीन आठवडाभर दगडासारखी. मार्चमध्ये कोंब हातात आला. मी म्हटलं, थंडी. उन्हाळ्यात झाडानं आपणहून नवं पान काढलं, कात्रीनं टोकं कापल्यासारखं थोटं. पण काढलं.

दुसरा २०२२ चा. या वेळी मी नोव्हेंबरातच पामला हवेच्या फुग्यांचं ते प्लास्टिक गुंडाळलं, वरून दोरी, अगदी लेकराला कानटोपी घालावी तशी. आणि तो हिवाळा निघाला उबदार. एक जानेवारीला लंडनमध्ये १६ अंशांच्या वर पारा होता. मार्चमध्ये प्लास्टिक सोडलं तर आतून पाणी ओघळलं आणि कोंब पुन्हा हातात. इथेच मला कळायला हवं होतं. थंडीच पडली नाही, तर थंडीनं कुजला कसा? पण मी दोष प्लास्टिकला दिला. तो अर्धा बरोबर होता. प्लास्टिकच्या आत वाफ साचते, पानांवर दव धरतं, हवा हलत नाही, आणि बुरशीला याहून चांगली पेटी मिळणार नाही. तुम्ही गुंडाळत असाल तर आधी ते बंद करा. राहिलेला अर्धा दोष कुठे होता ते पुढे येतं.

तिसऱ्या हिवाळ्यात काहीच गुंडाळलं नाही. डिसेंबर २०२२ मध्ये आमच्या अंगणात उणे आठपर्यंत उतरलं. फेब्रुवारीअखेर तेच: उदबत्ती, बुळबुळीत टोक, धुवणाचा वास. मी झाड उपटून टाकायच्या बेतात होतो. पण आमच्याच रस्त्यावर तीन घरं सोडून एक पाम आहे, माडीच्या खिडकीएवढा उंच, मोकळ्या हिरवळीच्या मधोमध. त्याला कधी कुणी गुंडाळलेलं मी पाहिलं नाही. त्याच रात्री, त्याच उणे आठात तो उभा होता आणि मार्चमध्ये त्याचा कोंब बोटभर वर सरकलेला.

गुहागरला माझ्या काकांची नारळ-पोफळीची बाग आहे. त्यांना व्हिडिओवर दाखवलं. ते कुजकं टोक त्यांनी नीट बघितलं आणि म्हणाले, “अरे, हा कोंब कुजलाय. आपल्याकडे पावसात होतं हे. थंडीबिंडी काही नाही, त्याच्या डोक्यात पाणी मुरतंय.”

“काका, इथे उणे आठ होतं.”

“असू दे की. ते शेजारच्यालाही होतंच ना? पाणी कुठनं येतंय ते सांग आधी.”

मी म्हटलं पाऊस सगळ्यांवरच पडतो. त्यावर त्यांनी सुनावलं, की पाऊस पडत असताना छत्री घेऊन झाडापाशी उभा राहा, घरात बसून बागायत होत नाही. मार्च २०२३ मध्ये इथे पाऊस रोजचाच होता. उभा राहिलो.

स्वयंपाकघराचा जो बाहेर काढलेला भाग आहे त्याच्या छपराला पन्हळ आहे. पन्हळीच्या दोन तुकड्यांच्या सांध्यातून धार गळत होती. धार खोडावर पडत नव्हती, कोंबावरही नाही, म्हणून तीन वर्षांत ती माझ्या नजरेला खुपली नव्हती. ती पडत होती वरच्या फळीतल्या एका उभट पानाच्या पंख्यावर. आणि ते पान सगळं पाणी गोळा करून, देठावरून, सरळ झाडाच्या डोक्यात सोडत होतं. मी झाडाला स्वतःच्या हातानं नळ जोडून दिला होता.

यात एक गंमत आहे, ती गावी गेल्यावर मी दोन्ही पानं आठवून पडताळली. माडाच्या झावळीची एक पात मधल्या दांड्याला जिथे जोडलेली असते तिथे बघा. तिची मधली शीर वर आणि दोन्ही कडा खाली, कौलारू छपरासारखी. पाणी दोन्ही अंगांना ओघळून जातं. ट्रॅकीकार्पसच्या पंख्याची पात नेमकी उलटी: शीर खाली, कडा वर. म्हणजे प्रत्येक पात ही एक छोटी पन्हळ. जुनी पानं खाली झुकलेली असतात, त्यांचं पाणी बाहेर पडतं. नवी पानं उभी असतात, त्यांचं पाणी आत. रोप लहान होतं तेव्हा पानं भिंतीकडच्या धारेपर्यंत पोचत नव्हती. चौथ्या वर्षी देठ लांबले, पंखा पन्हळीखाली गेला, आणि कोंब कुजायला सुरुवात त्याच हिवाळ्यात झाली. ‘झाड आता मोठं झालंय, सोसेल’ असं मी ज्या वर्षी म्हणायला लागलो तेच ते वर्ष.

उन्हाळ्यात इतकं पाणी तो पचवतो. हिवाळ्यात वाढ थांबलेली असते, कोंब पुढे सरकत नाही, आणि पानांच्या बुडात साचलेलं पाणी आठवडेच्या आठवडे तिथेच. एका रात्री ते गोठतं, फुगतं, आतल्या कोवळ्या भागाला चिरा पाडतं. मग चार-पाच उबदार ओलसर दिवस आले की बुरशी आणि जिवाणू त्या चिरांतून आत. कुज वर दिसायला पुढे काही आठवडे जातात. म्हणून जखम डिसेंबरातली आणि बोंब मार्चमधली.

तुमच्या झाडाचं नक्की काय झालंय ते बघायची रीत सांगतो. मधलं मिटलेलं पान बुडाशी चिमटीत धरून हलकं वर ओढा, हिसका नको. घट्ट बसलं असेल तर कोंब जिवंत. मग एक कायमच्या शाईचं पेन घ्या आणि मिटलेल्या पानावर व त्याला लागून असलेल्या देठावर मिळून एक आडवी रेघ मारा. पंधरवड्यानं बघा. दोन तुकडे वरखाली झाले असतील तर झाड वाढतंय. उन्हाळ्यातही महिनाभर रेघ जागची हलली नाही तर आत काहीतरी बिघडलंय, पान घट्ट असलं तरी. नुसती पानांची टोकं तपकिरी होणं हा वेगळा विषय, ते बहुधा वाऱ्याचं काम आणि त्यानं झाड मरत नाही. खालची जुनी पानं पिवळी पडून लोंबणं हे वयाचं. तीन-चार खालची पानं गेली म्हणून खताचा डबा उपडा करू नका.

कोंब हातात आलाच, तर घाबरू नका आणि घाईही करू नका. या झाडाला वाढीचा कोंब एकच असतो, तो साफ गेला तर झाड गेलं. पण ओढून आलेलं पान म्हणजे वाढीचा गाभा नव्हे. गाभा त्याच्याही खाली, खोडाच्या टोकात दडलेला असतो, आणि बऱ्याचदा तो शाबूत असतो. मी काय केलं ते क्रमानं सांगतो. कुजलेलं पान काढलं. आजूबाजूचं जे हलक्या हातानं निघालं तेही. भोकात बॅटरी मारून पाहिलं, तळाशी पाणी होतं, ते जुन्या पंच्याची वात वळून टिपून घेतलं. औषधांच्या दुकानात ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड मिळतं, ते दोन चमचे आत सोडलं. इनो पाण्यात टाकल्यासारखा फेस येतो. दहा मिनिटांनी पुन्हा टिपून घेतलं. आठवड्यानं पुन्हा, त्यानंतर आणखी एकदा. फेस कमी होत गेला की थांबायचं, कारण हे द्रव्य चांगल्या पेशींनाही सोडत नाही. हातमोजे आणि डोळ्याला चष्मा हवा, भोकात डोकावताना शिंतोडा उडतो.

काकांनी अर्थातच बोर्डो मिश्रण सांगितलं. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी, हे प्रमाण त्यांच्या तोंडात श्लोकासारखं बसलेलं आहे, पोफळीवरच्या कोळेरोगासाठी दर पावसाळ्यात ते फवारतातच. ब्रिटनमध्ये घरगुती बागेसाठी तांब्याची बुरशीनाशकं दुकानात मिळत नाहीत आणि घरी कालवून फवारणं कायद्यात बसत नाही, म्हणून मी त्या वाटेला गेलो नाही. पण त्यांचा दुसरा सल्ला सोन्यासारखा निघाला. माडाचा कुजका कोंब साफ केला की नवा येईपर्यंत त्यावर मडकं पालथं घालायचं, पावसाचा थेंब आत जाता कामा नये. माझ्याकडे मडकं नव्हतं. बांबूच्या चार काठ्या रोवल्या, त्यांवर पारदर्शक प्लास्टिकचा पत्रा उतरता बांधला, बाजू सगळ्या मोकळ्या. हवा खेळती, डोकं कोरडं.

मग वाट बघायची, आणि हाच भाग सगळ्यात जड जातो. खत नको. पाणी फक्त मुळाशी, तेही माती सुकली तर. नवं टोक सहा आठवड्यांत दिसेल किंवा चार महिन्यांत, क्वचित वर्षही घेतं. पहिली एक-दोन पानं वेडीवाकडी, अर्धवट निघतील, ती कापू नका. माझ्या झाडाचं टोक जूनच्या मध्यावर दिसलं, पेन्सिलीच्या शिशाएवढं, फिक्कट पिवळसर. खोड वरून कापत कापत पांढऱ्या स्वच्छ गाभ्यापर्यंत जायचा एक जालीम उपाय काही लोक करतात. त्यानं झाडं वाचलेली आहेत. पण करवत गाभ्याच्या खाली गेली तर मागे उरतो केसाळ खांब. सगळं थकल्यावरच.

जागा बदलायची ठरवली तेव्हा माझी आणखी एक चूक वर आली. अगदी शब्दशः. माडाला करतात तसं मी त्याला आळं केलं होतं आणि दरवर्षी वर शेणखताची भर. चिकण मातीतलं आळं म्हणजे हिवाळाभर बशीतलं पाणी, आणि भर घालून घालून खोडाचं बूड चार बोटं गाडलं गेलेलं. खणलं तर बुडाची जाळी काळी पडली होती. माडाला जे मानवतं ते याला नाही, हे वाक्य मी पहिल्या वर्षी कुठेतरी लिहून ठेवायला हवं होतं.

हलवायचं तर मेअखेर ते जुलै, माती उबदार असताना. पामची मुळं खोडाच्या बुडातून नव्यानं फुटतात, त्यासाठी त्याला ऊब लागते. हिवाळ्याच्या तोंडावर हलवलात तर मुळं धरायच्या आत थंडी येईल. मातीचा गोळा जमेल तेवढा मोठा ठेवा. माझा दोन माणसांना जेमतेम उचलला, आणि एकाची कंबर अजून बोलते. नव्या जागी खड्डा न करता वीतभर उंचवटा केला, मातीत बारीक खडी मिसळली, आणि खोडाचं बूड भर घालायच्या आधी होतं त्याच पातळीला ठेवलं. भिंतीपासून दोन मीटर, कुंपणापासून दोन मीटर, वर आकाश. वाऱ्याचा आडोसा असेल तर उत्तम, पण आडोसा वेगळा आणि वळचण वेगळी.

थंडीची तयारी आता मी एवढीच करतो. नोव्हेंबरात तो उतरता पत्रा चढतो, मार्चमध्ये उतरतो. बुंध्याभोवती वाळक्या पानांचा थर, खोडाला चिकटू न देता. सलग काही रात्री उणे दहाच्या खाली जाण्याचा अंदाज असेल तर पानं सैलसर वर बांधून हवा जाऊ देणारं पांढरं बागकापड एका पदरानं लपेटायचं, आणि लाट गेली की त्याच दिवशी काढायचं. रोप लहान असेल तर उणे सहालाच हे करा. कुंडीतलं असेल तर त्याहून आधी, कारण कुंडीत मुळंही गोठतात. खोडावरची केसाळ जाळी काही लोक तासून गुळगुळीत करतात, फॅशन आहे. मला ते थंडीत कुणाची शाल ओढून घेतल्यासारखं वाटतं.

जागाच अरुंद असेल तर याच पामचा एक आटोपशीर प्रकार मिळतो, वॅग्नेरिॲनस. पानं लहान, ताठ, वाऱ्यानं फाटत नाहीत, आणि शेजारच्या पन्हळीपर्यंत पोचायला त्यांना जड जातं. या कुळातला एक आपल्या देशातलाही आहे, ट्रॅकीकार्पस टकिल. कुमाऊँमध्ये पिथौरागढच्या बाजूला, बर्फ पडणाऱ्या डोंगरउतारांवरचा, इटालियन शास्त्रज्ञ बेक्कारीनं १९०५ मध्ये नाव दिलेला. त्या नावानं विकली जाणारी बरीच रोपं प्रत्यक्षात फॉर्च्युनायचीच निघतात, तेव्हा जास्त पैसे मोजताना जरा दमानं. स्वित्झर्लंडमध्ये राहत असाल तर नवं झाड विकत मिळणारच नाही. तिथल्या तिचिनो प्रांताच्या जंगलात हा पाम पक्ष्यांनी बी नेऊन इतका पसरवला की १ सप्टेंबर २०२४ पासून देशभर विक्री बंद आहे. आणि पुण्या-मुंबईत लावायचा विचार असेल तर सोडून द्या, तिथल्या उन्हाळ्यात तो रडत राहतो.

नव्या जागी त्याचे २०२३-२४ आणि २०२४-२५ असे दोन हिवाळे पार पडले. दोन्ही मार्चमध्ये मी कोंब ओढून पाहिला, दोन्ही वेळा हातात काही आलं नाही. मागच्या उन्हाळ्यात पिवळाधमक फुलोरा आला. काकांनी लगेच विचारलं, “फळ कधी धरणार?” त्यांना सांगितलं की या जातीत नर आणि मादी झाडं वेगळी असतात आणि पिवळ्या फुलोऱ्यावरून आमचा नर दिसतोय, आणि फळ धरलं असतं तरी ते वाटाण्याएवढं, काळंनिळं, कुणी खात नाही. काका क्षणभर गप्प बसले. मग म्हणाले, “एवढं सगळं करून?”

पन्हळीचा सांधा अजून गळतोच. जुन्या जागी, त्या पागोळीखाली, आता एक पिंप ठेवलंय. जुलैत माती भेगाळली की त्यातलंच पाणी पामला घालतो, बुंध्याशी.